तळवड्यात पत्रा पातळ आहे

गुरुत्वाकर्षणाबद्दल मनापासून वाईट वाटणारा जगात एकच माणूस आहे आणि तो माझा साडू आहे. बाकीच्यांना पेट्रोलच्या भावाचं वाईट वाटतं, चाकणच्या ट्रॅफिकचं वाटतं, पोराला कमी मार्क पडल्याचं वाटतं. आमच्या साडूभाऊंना गुरुत्वाकर्षणाची कीव येते. "इतकं अशक्त कसं हो राहिलं ते?" असं ते विचारतात, एखाद्या नातेवाइकाच्या अंगी न लागणाऱ्या पोराबद्दल विचारावं तसं, आणि विचारताना त्यांचा आवाज खरोखर भरून येतो. मी हे वाढवून सांगत नाही. बाकी सगळं मी वाढवून सांगतो, माझी बायको याला साक्ष आहे, पण एवढं एक वाक्य मापात आहे.

साडू म्हणजे एकाच सासऱ्यानं दोन वेगवेगळ्या वर्षी पसंत केलेले दोन पुरुष. आमच्या सासऱ्यांचं घर चाकणजवळच्या एका गावात. शेतात आता निम्मा कांदा आणि निम्मी कंपनी उभी आहे. मी नगरकडचा, साडूभाऊ परभणीकडचे. मी तळवड्यात सहा प्रेसची छोटी शेड टाकून गाड्यांचे ब्रॅकेट ठोकत बसलो आणि साडूभाऊ चाकणच्या एका मोठ्या कंपनीत पत्रा तपासायला लागले. बाहेरून पत्र्याची कॉइल आली की ती उलगडायची, कडेला, मध्ये, पुन्हा कडेला जाडी मोजायची आणि पास की रिजेक्ट ते लिहायचं. हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं आहे की त्यांना जगात दोनच प्रकारच्या वस्तू दिसतात, पत्रा आणि अजून मोजायचा राहिलेला पत्रा. लोक ज्या खिशात कंगवा ठेवतात त्या खिशात ते मायक्रोमीटर ठेवतात. त्यांनी लग्नपत्रिकांची जाडी मोजली आहे. सासूबाईंच्या पापडांची मोजली आहे आणि "मधे जाड, कडेला पातळ, लाटणं झिजलंय" असा रिपोर्ट दिल्यामुळे दोन दिवाळ्या त्यांना पापड मिळाला नव्हता.

आता पत्र्यातून माणूस गुरुत्वाकर्षणात कसा शिरतो, असं तुम्ही विचाराल. तो एका टाचणीतून शिरला. कंपनीत एकदा त्यांच्या हातून टाचणी पडली, त्यांनी ती चुंबकानं उचलली आणि उचलता उचलता ते जे थबकले ते शिफ्ट सुटेपर्यंत तसेच. कारण त्यांच्या लक्षात आलं की खालून अख्खी पृथ्वी, डोंगर, समुद्र आणि आमच्या सासुरवाडीसकट, ती टाचणी ओढते आहे आणि वरून करंगळीएवढा चुंबक ओढतो आहे, आणि जिंकतो आहे चुंबक. "म्हणजे पृथ्वीची बाकीची ओढ जाते कुठं?" हा प्रश्न त्यांनी त्या दिवसापासून प्रत्येकाला विचारला. माझ्या पुतणीला बघायला मुलगा आला होता. मंडळी पोहे खात होती, मुलाचा पगार विचारायचा म्हणून सगळे एकमेकांकडे बघत होते, तेवढ्यात साडूभाऊ पुढं सरकले, खिशातून चुंबक काढला, पुतणीच्या मावशीच्या पदराची सेफ्टी पिन मागून घेतली आणि मुलाला म्हणाले, "पगाराचं राहू द्या. ही पिन वर का आली ते सांगा." मुलगा आयटीतला. त्यानं घाम पुसला आणि "विचार करून सांगतो" म्हणाला. लग्न झालं, त्यांना दोन मुलं झाली. तो अजूनही साडूभाऊ दिसले की रस्ता ओलांडतो.

उत्तर त्यांना पुढं कुठल्याशा इंग्रजी पुस्तकात सापडलं आणि ते वाचून त्यांना जो आनंद झाला तो पगारवाढीच्या पत्रानंही कधी झालेला नाही. पुस्तकात म्हटलं होतं की आपलं अख्खं विश्व म्हणजे एक पत्रा आहे. अगदी असंच म्हटलं नसेल, पण त्यांनी ते असंच वाचलं. म्हणजे लांबी, रुंदी, उंची आणि काळ या आपल्या चार मितींचा मिळून एक पत्रा आणि त्याच्या पलीकडं पाचव्या मितीची मोकळी जागा. उजेड, वीज, चुंबक, तुम्ही, मी, माझ्या सहा प्रेस, सगळं त्या पत्र्याला रंगासारखं चिकटलेलं. पत्रा सोडून जाता येतं फक्त गुरुत्वाकर्षणाला. ते पत्र्यातून पलीकडं पाझरतं, पसरतं, आणि उरलंसुरलं जे इकडं राहतं तेवढंच आपल्या वाट्याला येतं. "अशक्त नाहीये हो ते," साडूभाऊ मला फोनवर म्हणाले, "गळतंय." शाळेनं ढ ठरवलेल्या पोराला चष्म्याची गरज होती असं कळल्यावर बापाचा जसा होतो तसा त्यांचा आवाज झाला होता.

हे सगळं त्यांनी आक्कांना भाकरीवर समजावलं. आक्का म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. गावाकडची भाषा त्यांनी कासारवाडीच्या फ्लॅटमध्ये जशीच्या तशी आणली आहे. तव्यावरची भाकरी टम्म फुगली की साडूभाऊ बोट दाखवत, "हा वरचा पापुद्रा म्हणजे आपलं विश्व. खालचा म्हणजे दुसरं विश्व. मधली वाफ म्हणजे पाचवी मिती." आक्का म्हणत, "व्हय, आन् ती वाफ गेली की भाकरी गार व्हती. जेवा आधी." यात विज्ञानाच्या दृष्टीनं काही चूक नाही असं साडूभाऊंनी मला नंतर सांगितलं.

त्यात आणखी एक भानगड होती. गुरुत्वाकर्षणाचा जो जुना नियम आहे, सफरचंदवाल्या साहेबांचा, तो म्हणजे साडूभाऊंच्या भाषेत ड्रॉइंगचं पहिलं रिव्हिजन. नंतर विस्कटलेल्या केसांच्या साहेबांनी दुसरं रिव्हिजन काढलं. पण लांबच्या तारकांचं फिरणं त्यातही नीट बसेना म्हणून आता जगभर लोक तिसऱ्या रिव्हिजनच्या मागं लागलेत. काही म्हणतात पत्रा ठीक आहे, नियमच सुधारा. काही म्हणतात नियम राहू द्या, पत्र्याच्या मागं जागा धरा. आणि काही धीट मंडळी दोन्ही एकदम करतात. साडूभाऊ या धीट मंडळींतले. "ड्रॉइंगही बदला आणि मालही परत तपासा," असं त्यांचं मत. आणि तपासायचा कसा, हेही त्यांना कळलं होतं. दोन वस्तूंमधलं अंतर निम्मं केलं की ओढ चौपट होते, हे पहिल्या साहेबांचं माप. वस्तू अगदी जवळ आणल्या आणि ओढ त्या मापाहून जास्त भरली तर समजायचं, पत्र्याला पलीकडची बाजू आहे.

ही ओढ मोजायला त्यांनी घरच्या न्हाणीघरात एक तराजू टांगला. केसासारख्या तारेला आडवी काडी, काडीच्या दोन टोकांना शिशाच्या दोन गोळ्या, मधे आरशाचा कपचा. आरशावर लेसरचा लाल किरण मारायचा आणि समोरच्या भिंतीवर त्याचा ठिपका बघायचा. शेजारी शिशाचा मोठा गोळा आणून ठेवला की काडी इवलीशी वळते, ठिपका सरकतो. किती सरकला ते मोजायचं. काडी थरथरायची थांबून ठिपका स्थिर व्हायला दोन-अडीच तास लागतात. तेवढा वेळ घरात कुणी आंघोळ करायची नाही. आक्कांनी हे चार दिवस सोसलं, पण रेल्वेनं एकही दिवस सोसलं नाही. घर कासारवाडी स्टेशनच्या इतकं जवळ की पुण्याहून लोणावळ्याकडं गाडी निघाली की ठिपका भिंतीवरून छतावर जायचा आणि तिकडून परत यायच्या आत उलटी गाडी यायची. पाचव्या दिवशी आक्कांनी तराजू काढला आणि त्याच्या खिळ्याला टॉवेल अडकवला.

तेव्हा साडूभाऊ माझ्याकडं आले. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. बाकी सहा दिवस तळवड्यात जमीन अशी हादरते की चहाच्या कपातली साय गोल फिरते, पण गुरुवारी सगळ्या प्रेस बंद, ट्रक बंद, कुत्रीसुद्धा निवांत. "साडूभाऊ, गुरुवारची शेड द्या," ते म्हणाले. मी दिली. मला वाटलं चार गुरुवार येतील आणि कंटाळतील. ते दीड वर्ष आले.

त्या दीड वर्षात मी जेवढा गप्प बसलो तेवढा शाळेत तोंडावर बोट ठेवूनही बसलो नव्हतो. कोपऱ्यात पत्र्याच्या डब्यात तराजू, पलीकडच्या भिंतीवर आलेखाचा कागद, आणि साडूभाऊ मोज्यांवर चालणार. मला जागा दिली होती दरवाज्याशी. कारण मी जवळ बसलो की माझ्या वजनाची ओढ तराजूला लागते. मला वाटलं हा टोमणा आहे, पण त्यांनी वहीत तसा रकाना केला होता, "साडूंचे पोट" असा, आणि त्यापुढं अंतर लिहिलं होतं. एकदा मी लघवीला उठलो आणि दबकत परत आलो तर म्हणाले, "राव, ठिपका हलला. तुम्ही सकाळी काय खाल्लं?"

गोळा चार बोटांवर ठेवला, तीन बोटांवर ठेवला, दोन बोटांवर ठेवला. प्रत्येक वेळी ठिपका निमूटपणे सफरचंदवाल्या साहेबांनी सांगितलेल्या रेघेवर जाऊन बसायचा. महिनेच्या महिने. साडूभाऊ वही मिटायचे, डबा झाकायचे, आणि घरी निघताना एवढंच म्हणायचे, "साहेब पक्का माणूस होता." पण एका गुरुवारी ते प्रेसच्या बाकावर बसले आणि उठलेच नाहीत. मी म्हटलं, "चला, जेवायचं ना?" तर म्हणाले, "साडूभाऊ, मला काही पुरस्कार नको. एकदा कुणी जाणत्या माणसानं ही वही बघावी आणि हसू नये. पण दाखवायला वहीत काहीतरी पाहिजे ना."

आता माझ्यासारख्या माणसाला यावर काय करता येणार? मला त्यातलं शास्त्र कळत नाही. मला जे कळतं ते मी केलं. आळंदीला गेलो, तिथून हातभर लांबीच्या जाडजूड उदबत्त्या आणल्या, सकाळी लावली की जेवणापर्यंत चालेल अशा, आणि पुढच्या गुरुवारी साडूभाऊ यायच्या आधी त्यातली एक तराजूच्या टेबलाखाली, डब्याच्या डाव्या बाजूला, मागं दिसणार नाही अशी लावून ठेवली. हात जोडून म्हटलं, देवा, ह्यांचं काहीतरी होऊ दे. लपवून लावली, कारण साडूभाऊंचा नियम होता की देव आणि मोजमाप वेगवेगळ्या खोल्यांत असावेत. वासाचं काही वाटणार नव्हतं, दरवाज्याशी देव्हाऱ्यात माझी रोजची उदबत्ती असतेच. फक्त एकदा ते लेसरकडं बघून म्हणाले, "आज किरण काय सुंदर दिसतोय, अगदी दोरीसारखा." मी म्हटलं, "सुट्टीचा दिवस आहे, त्यालाही बरं वाटत असेल."

आणि ठिपका रेघ ओलांडून गेला.

साडूभाऊंनी दुसऱ्या गुरुवारी तपासला, तिसऱ्या गुरुवारी तपासला. दर वेळी जास्त. दोन बोटांवर ओढ दीडपट भरत होती. एका गुरुवारी तर ती जादाची ओढच दुप्पट भरली. त्या दिवशी ते शेडमध्ये मोज्यांवर नाचले, आवाज न करता. तसा नाच मी पुन्हा पाहिला नाही. मी मनात देवाचे आभार मानले, त्यांनी पाचव्या मितीचे मानले. आपापल्या जागी दोघंही खूश होतो.

एकच अडचण होती. जगातल्या मोठ्या प्रयोगशाळांनी केसाहूनही बारीक अंतरापर्यंत मोजून बघितलं होतं आणि त्यांना काही जास्त सापडलं नव्हतं. मग तळवड्यातच का? दुसरा कुणी असता तर इथं शंकेनं थांबला असता. साडूभाऊंनी आयुष्यभर कॉइल तपासल्या होत्या. "पत्रा सगळीकडे सारखा जाड असतो असं फक्त सप्लायर म्हणतो," ते म्हणाले. "कॉइल म्हटली की कुठंतरी पातळ असणारच. विश्वाचा पत्रा तळवड्यात पातळ आहे. त्यांनी तिकडं मोजलं, त्यांचा काय दोष?" गोळा डावीकडं ठेवला की ओढ जास्त आणि उजवीकडं ठेवला की उलट कमीच, याचंही त्यांच्याकडं उत्तर होतं. डावीकडं पत्र्याची कड जवळ असणार. मला हे इतकं पटलं की मी त्या आठवड्यात शेजारच्या प्लॉटचा भाव विचारून आलो.

त्यांनी पत्रं पाठवली. एकेका शास्त्रज्ञाला, सुवाच्य अक्षरात, सोबत आकड्यांच्या झेरॉक्स आणि एका कोपऱ्यात तळवड्याचा नकाशा. बरेच महिने काही आलं नाही. मग पुण्याच्या एका संस्थेतल्या एका बाईंचं चार ओळींचं उत्तर आलं की पुढच्या गुरुवारी मी येऊन बघते. साडूभाऊंनी ते उत्तर मला फोनवर वाचून दाखवलं, मग घरी येऊन वाचून दाखवलं, मग माझ्या बायकोला दाखवलं. कासारवाडीला आक्का मात्र भाकरी थापता थापता म्हणाल्या, "ऐका. ही बाई हसली, तर ते डबडं भंगारात जाईल आन् पुन्यांदा तळवड्याला जायचं न्हाई. सोसायटीत लोकं हसत्यात तुमच्या माघारी. तुमास्नी कळत न्हाई, मला कळतंय. मी लई दिस ऐकून घेतलं." साडूभाऊ भाकरीकडं बघत म्हणाले, "कबूल."

त्या गुरुवारी ते इस्त्रीचा शर्ट आणि कंपनीचे सेफ्टी शूज घालून आले. मी पहाटेच शेड धुऊन घेतली होती आणि एवढा महत्त्वाचा दिवस म्हणून त्यातल्या त्यात जाडी उदबत्ती निवडून लावली होती. बाई स्कूटीवरून आल्या. मला वाटलं होतं पांढऱ्या केसांच्या, जाड चष्म्याच्या कुणी असतील. ह्या माझ्या पुतणीच्या वयाच्या, पाठीला सॅक, आणि आल्या आल्या विचारलं, "चपला काढू का? कंपन लागेल ना?" साडूभाऊंनी माझ्याकडं असं बघितलं की बघा, माणूस कसा असतो.

बाईंनी वही पहिल्या पानापासून वाचली. "साडूंचे पोट" या रकान्याशी थांबल्या, माझ्याकडं एकदा पाहिलं आणि मान डोलावून पुढं गेल्या. मग रीडिंग घेतलं. ठिपका रेघेपलीकडं. गोळा उजवीकडं नेला, पुन्हा अडीच तास थांबल्या. तिथं कमी. साडूभाऊ तळवड्याच्या पातळ पत्र्याबद्दल बोलत होते, बाई ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता त्यांनी सहज डब्याच्या डाव्या बाजूला तळहात टेकवला. मग उजव्या बाजूला. मग पुन्हा डाव्या.

"ही बाजू कोमट आहे," त्या म्हणाल्या.

मला अजून काही कळलं नव्हतं. त्या गुडघ्यांवर बसल्या, टेबलाखाली वाकल्या आणि उदबत्ती हातात धरून वर आल्या. तिला अजून वीतभर आयुष्य बाकी होतं.

"ही कुणाची?"

शेडमध्ये तिघंच होतो. मी म्हटलं, "माझी."

"कधीपासून लावताय?"

"श्रावणापासून."

साडूभाऊंचा चेहरा मी बघू शकलो नाही. बाईंनी कसलाही आवाज न चढवता सांगितलं की उदबत्तीच्या उबेनं डब्याच्या एका बाजूची हवा तापते, वर चढते, आणि तो वारा काडीला दर वेळी एकाच दिशेला ढकलतो, म्हणून डावीकडं ओढ जास्त आणि उजवीकडं कमी. श्वासाहून हलका वारा, पण काडीला तेवढा पुरतो. मी जमिनीत जायला तयार होतो, पण तळवड्यात पत्रा पातळ असला तरी फरशी जाड होती. साडूभाऊंनी अगदी हळू विचारलं, "दर गुरुवारी एकच?"

"एकच."

"नक्की?"

"एकदा एकादशी गुरुवारी आली होती," मी म्हटलं. "तेव्हा दोन."

त्यांनी वही ओढली, पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवून ती बाईंपुढं सरकवली. तोच तो गुरुवार. त्याच दिवशी जादा ओढ दुप्पट आली होती आणि त्याच दिवशी ते नाचले होते. बाईंनी पान बघितलं आणि त्यांचे ओठ घट्ट मिटले. मी बघत होतो. सगळं त्या ओठांवर होतं. हसल्या असत्या तर आक्कांचा शब्द खरा होऊन संध्याकाळपर्यंत डबा भंगारवाल्याकडं गेला असता.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, तुमच्या तराजूला एक उदबत्ती आणि दोन उदबत्त्या यांतला फरक कळतो. हे आमच्याकडच्या मुलांना जमवायला वर्ष जातं. विझवू या आणि परत मोजू या. मला घाई नाही."

उदबत्ती मी बाहेर नेऊन मातीत खुपसली. डबा गार झाला, अडीच तास गेले. ठिपका थरथरत थरथरत आला आणि सफरचंदवाल्या साहेबांच्या रेघेवर बसला. बाईंनी गोळा दुसऱ्या बाजूला नेला. तिथंही रेघेवर. बाहेर उन्हं उतरली होती.

"पाचवी मिती इथं दिसत नाही," बाई म्हणाल्या. "मला तसं स्पष्ट सांगायला हवं. असेलही कुठंतरी, पण यात नाही."

"लिहून द्याल का?" साडूभाऊंनी विचारलं.

बाईंना कळेना. मीच समजावलं की आमच्या धंद्यात तोंडी नकार चालत नाही. माल रिजेक्ट झाला तर कागद हवा, त्यावर दोन सह्या हव्यात. साडूभाऊंनी सॅम्पल तपासणीचा कोरा फॉर्म पुढं केला, तो ते खिशात बाळगतातच. बाईंनी पेन घेतलं आणि खरोखर मन लावून भरला. भागाचं नाव, गुरुत्वाकर्षण. ठिकाण, तळवडे. अंतर, दोन बोटं. ड्रॉइंगप्रमाणे आहे का, याच्यापुढं त्यांनी 'होय' लिहिलं. मग निकालाच्या चौकोनाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "काका, हे रिजेक्ट कुठंय? माल मापात आहे. हा तर पास झाला." तपासणाराच्या जागी साडूभाऊंनी सही केली. पडताळणाराच्या जागी बाईंनी केली, खाली हुद्दा आणि संस्थेचा पत्ता लिहिला. आपल्या नावाशेजारी ती सही बघून साडूभाऊंनी चष्मा काढून पुसला आणि मग एकदम हसायला लागले. "एकादशीला दोन," असं म्हणून पोट धरून हसले. तेव्हा कुठं बाई हसल्या, आणि मग मीही हसलो, जरा उशिरानं, कारण मला आधी परवानगी हवी होती.

निघताना बाईंनी मोठा गोळा ठेवायची पितळी बैठक उचलून बोटांनी चाचपली. "ही इतकी सपाट कुणी केली?" साडूभाऊ म्हणाले, "मीच. हातानं घासून." बाईंनी ती उजेडाकडं धरून तिरपी केली, पुन्हा तिरपी केली आणि म्हणाल्या, "आमच्याकडं यंत्र आहे, असा हात नाही. याल का?" साडूभाऊंनी क्षणाचाही विचार न करता उत्तर दिलं. "ड्रॉइंग पाठवा."

आता तपासणीचा तो कागद कासारवाडीच्या घरात टीव्हीच्या वर काचेत लावलेला आहे. सोसायटीतलं कुणी आलं की आक्का आधी तिकडं बघतात आणि मग पाणी आणायला जातात. विचारलंच कुणी तर म्हणतात, "पुण्याच्या बाईंची सही हाय. ह्यांनी तपासलं, बाईंनी पास केलं." काय तपासलं हे त्या सांगत नाहीत. त्यांच्या मते ते उघड आहे.

साडूभाऊ गुरुवारी आता पुण्याला जातात. बाईंच्या प्रयोगशाळेत तळघरात बसून पितळेच्या चकत्या घासतात. तिथं केसाहून बारीक फटीतली ओढ मोजायची आहे म्हणे, आणि त्यासाठी लागणारा सपाटपणा त्यांच्या तळहातात आहे. माझी शेड गुरुवारी बंद असते. पहिले दोन-तीन आठवडे मी उगाच जाऊन आलो, कुलूप काढलं, एक खुर्ची टाकून बसलो. मोठ्यानं बोलायला आता कसलीच बंदी नव्हती. बोलायला कुणी नव्हतं.

परवाच्या गुरुवारी दुपारी त्यांचा फोन आला. मी विचारलं, "कसं चाललंय?" म्हणाले, "चांगलं चाललंय. मान देतात. चहा देतात. काका काका करतात." मग जरा थांबून म्हणाले, "पण साडूभाऊ, इथं माझ्याशी कुणी भांडत नाही हो. मी काही बोललो की लिहून घेतात."

मी खुर्ची ओढून घेतली आणि सुरू झालो. म्हटलं, पाचवी मिती ही शुद्ध थाप आहे. पुण्याच्या लोकांना उद्योग नाही. विश्व म्हणजे पत्रा असता तर एव्हाना गंजला असता, आणि ओढ गळते म्हणता तर चाकणच्या चौकात ट्रेलर तीन-तीन तास एकमेकांना चिकटून का उभे असतात? साडूभाऊ आधी समजुतीनं बोलले, मग तावातावानं बोलले, मग "तुम्हाला अक्कल नाही" इथपर्यंत आले. मागून कुणीतरी "काका, काय झालं?" विचारत होतं, तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं. शेवटी दम लागल्यावर ते म्हणाले, "बरं वाटलं. ठेवतो."

फोन खाली ठेवला तेव्हा माझा कान चांगलाच तापला होता, आणि सांगायचं अजून बरंच राहिलं होतं.